मशीनचं म्हणणं

"मॅडम, आवाज काढून दाखवा."

समोर पार्टी बसलेली, साहेब आतल्या काचेतून बघतायत, दुसऱ्या लाइनवर कोणीतरी ताटकळतंय, आणि मी रिसीव्हर तोंडाशी धरून म्हणते आहे, "घर्रर्र... घर्रर्र... टक. परत घर्रर्र."

"टक एकदाच?"

"एकदाच."

"नीट आठवा. टक झाल्यावर थांबतं, की तसंच चालू राहतं?"

"चाचा, तुम्ही येऊन ऐका ना!"

"येतो ना. पण येताना कोणतं सामान घेऊ? ते आवाजावर आहे. पुन्हा काढा."

मी पुन्हा काढायची. समोरची पार्टी चहाच्या कपात तोंड घालून हसू दाबायची. एकदा तर तळोज्याच्या एका कंपनीचा वयस्क मॅनेजर मला म्हणाला, "मुली, तुला बरं वाटत नाहीये का?"

आमचं ऑफिस पनवेलला उरण नाक्याजवळ, एका मिठाईच्या दुकानाच्या वर होतं. जहाजाने परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तयार करायचं काम. तेव्हा सगळं कागदावरच चालायचं. एका कंटेनरमागे कागदांचे सहा संच, प्रत्येक संचात पंधरा-वीस पानं. ही सगळी पानं छापायला एक लेझर प्रिंटर होता, घरातल्या छोट्या फ्रीजएवढा. त्याला दोन ट्रे. वरच्यात जेमतेम शंभर कागद मावायचे, तो लेटरहेडसाठी. खालच्या दोन नंबरच्या ट्रेमध्ये पाचशे कागदांचं अख्खं रीम बसायचं, आणि आमचं सगळं पोट त्या दोन नंबरवर अवलंबून होतं.

आणि तोच बिघडायचा. कागद भरून ट्रे आत ढकलला की मागची लहानशी मोटर फिरते, ट्रेच्या तळाची पत्र्याची प्लेट कागदांचा गठ्ठा वर उचलते, सगळ्यात वरचा कागद रबरी रोलरला टेकला की मोटर थांबते. एवढी साधी गोष्ट. पण आमचा गठ्ठा मधूनच वर यायचा नाही. मोटर घरघरत राहायची, पडद्यावर लिफ्टचा एरर यायचा, आणि अख्ख्या ऑफिसचे हात बांधले जायचे. हे सगळं मला माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. मी कॉमर्सची. पण चाचांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी झोपेतही सांगू शकले असते.

चाचा मूळचे पनवेलचेच, मोहल्ल्यात राहायचे. पंधरा-सोळा वर्षं कुवेतला कॉपी मशिनं दुरुस्त करून परत आले होते. साठीच्या जवळपास, उंच, बारीक, पांढरा शर्ट नेहमी इस्त्रीचा. गळ्यात दोरीने अडकवलेला एक चष्मा आणि कपाळावर चढवलेला दुसरा. जुनी स्कूटर, तिच्या पुढच्या बाजूला प्लायवूडची पेटी. जिना चढताना प्रत्येक पायरीवर ते अर्धा क्षण थांबायचे. थकून नव्हे. त्यांचं चालणंच तसं होतं. मी वर दारात उभी राहून त्या पायऱ्या मोजायची आणि दात आवळायची.

आल्यावर लगेच मशीनला हात लावायचा नाही. आधी चौकशी.

"शेवटचा कागद कोणी भरला?"

"चाचा, ट्रे खराब झालाय. एवढंच."

"खराब झालाय हे तुम्हाला वाटतं. काय वाटतं ते नको. काय झालं ते सांगा."

मग मी सांगायची. कागद किती उरला होता, नवीन किती घातला, घालण्याआधी तो झटकून मोकळा केला होता का, रीम कधी फोडलं, फोडलेलं रीम कुठे ठेवलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटला ते वेगळं विचारायचे. दोघांच्या उत्तरात फरक पडला की चाचांच्या चेहऱ्यावर समाधान. एखाद्या फौजदाराने एवढी चौकशी केली असती तर आम्ही वकील केला असता.

त्यानंतर पंखे बंद. आवाज ऐकायचा म्हणून. मे महिन्यातही. ते मशीनपुढे गुडघे टेकून बसायचे, ट्रे ओढायचे, आत ढकलायचे, कान लावायचे. पुन्हा ओढायचे. वीस वेळा, पंचवीस वेळा. आम्ही सगळे वहीने वारा घेत गप्प. कोणी खोकलं तरी मागे वळून बघायचे. मग बोट वर करून म्हणायचे, "आता ऐका. मोटर फिरते. बराबर. गठ्ठा उचलते. बराबर. इथे, आत्ता, इथे दम लागला तिला. ऐकलंत?"

मला कधीही काहीही ऐकू आलं नाही.

काम संपलं की रिपोर्ट. इतर मेकॅनिक इंग्रजीत दोन शब्द खरडतात आणि सही घेतात. चाचांचं तसं नव्हतं. त्यांच्या पॅडवर मधोमध पट्टीने आखलेली रेघ असायची. डावीकडे वर लिहिलेलं, 'माणसांचं म्हणणं'. उजवीकडे, 'मशीनचं म्हणणं'. खाली मोत्यासारख्या मराठी अक्षरात पूर्ण वाक्यं. कार्बन घालून तीन प्रती. एक आमची, एक मशीनच्या फायलीत, आणि एक साहेबांची सही घेऊन चाचांना परत. सही नसलेली प्रत ते घेत नसत.

त्या रिपोर्टात ते काहीही गाळायचे नाहीत. हे मला फार लवकर कळलं, आणि वाईट रीतीने कळलं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, घरी लग्नाचं बघणं चाललेलं. आईने फर्मान काढलं, बायोडाटा चांगल्या कागदावर छापून आण. सुकापूरला आमच्या घराजवळ तेव्हा धड झेरॉक्सचं दुकान नव्हतं. म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्याच प्रिंटरवर मी पाच प्रती काढल्या. तेवढ्यात साहेब जिन्यात. मी चार प्रती पर्समध्ये कोंबल्या आणि पाचवी घाईघाईत दुमडून दोन नंबरच्या ट्रेमध्ये, कागदांखालच्या प्लेटच्याही खाली सरकवली. नंतर ती तिथे आहे हे साफ विसरले. आठवड्याभराने गठ्ठा तिरका वर यायला लागला आणि एरर आला.

चाचांनी प्लेट उचलली, चिमट्याने तो दुमडलेला कागद बाहेर काढला, उलगडला आणि कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"उंची पाच फूट दोन इंच," त्यांनी वाचलं.

मी झडप घालून कागद ओढून घेतला. "चाचा, हे रिपोर्टात लिहायचं नाही."

"लिहावं लागेल. प्लेटखाली कागद होता म्हणून गठ्ठा तिरका झाला. नाही लिहिलं तर पुढच्या वेळी मी काय समजू?"

"समजा काहीही! साहेब वाचतील ना!"

त्यांनी खरोखरच विचार केला. बराच वेळ. मग लिहिलं, 'प्लेटखाली एक दुमडलेला कागद सापडला. कागद खासगी आहे. डॉक्युमेंटेशनच्या मॅडमचा आहे. मजकूर वाचून परत दिला.'

"मजकूर वाचून कशाला लिहिलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कारण वाचला," चाचा म्हणाले.

साहेबांनी सही करताना माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं ते मला अजून आठवतं. त्यानंतर महिनाभर अकाउंटंट मला 'खासगी कागद' म्हणत होता.

तर असा हा माणूस. मला त्यांचा राग यायचा, आणि दुसरा कोणी त्यांना बोलला तर त्याचाही राग यायचा, कारण चाचांनी हात लावलेलं मशीन पुढे चार-चार महिने चालायचं.

आता हिराबाईंचं सांगते. हिराबाई आमच्याकडे कागद भरायच्या, संच लावायच्या, पिना मारायच्या, कुरियरची पाकिटं करायच्या. पन्नाशीच्या आसपास, पनवेलच्या कोळीवाड्यात राहायच्या, माहेर उरणचं. नवऱ्याने होडी विकली होती आणि तो घरीच असायचा. घर हिराबाईंवर चाललं होतं. दणकट बाई. कागदाची चार रीमं एका काखेत घेऊन जिना चढायच्या. मला 'बाय' म्हणायच्या आणि मी सांगितलेलं काम डोळे मिटून करायच्या.

त्या पावसाळ्यात छापलेली पानं तिरकी यायला लागली. चौकटीतले आकडे चौकटीबाहेर. दोनदा तर पार्टीने अख्खे संच परत पाठवले. ट्रेमध्ये कागद हलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना सरकत्या पट्ट्या असतात. मी हिराबाईंना सांगितलं, "त्या पट्ट्या कागदाला एकदम घट्ट लावायच्या. अंगठ्याने दाबून. कागद हलता कामा नये." त्या दिवसापासून हिराबाई प्रत्येक वेळी अंगठ्याने दाबून पट्ट्या लावायला लागल्या. पानं सरळ यायला लागली. मी माझ्यावर खूश होते.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी हिराबाईंनी ट्रे भरला, मांडीने आत ढकलला, आणि आतून कड्कन आवाज आला. तो आवाज मात्र मलाही ऐकू आला. मोटर घरघरत राहिली आणि गठ्ठा जागचा हलला नाही. साहेब नेमके मागे उभे होते.

"बघितलं? धक्का मारून तोडला. ही ट्रे लावायची पद्धत आहे?"

"मी नाय तोडला, साहेब. रोज असाच लावते."

"रोज असाच लावता म्हणूनच रोज बिघडतो!"

संध्याकाळपर्यंत हिराबाईंच्या हातात मेमो होता. निष्काळजीपणामुळे मशीनचं नुकसान. महिनाअखेरपर्यंत काम करा, नंतर येऊ नका. त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. दोनदा. मग घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि राहिलेली पाकिटं चिकटवायला बसल्या.

शुक्रवारी चाचा आले. त्या दिवशी पाच वाजायच्या आत एका मोठ्या पार्टीचे अकरा संच न्हावा शेव्याला पोचायचे होते, नाहीतर माल जहाजावर चढला नसता. दीड वाजला होता. चाचा पेटी उघडून चौकशीला बसले.

"शेवटचा कागद कोणी..."

"चाचा," मी म्हणाले, "आज नाही. आज काही विचारायचं नाही, पंखे बंद करायचे नाहीत, वीस वेळा ट्रे ओढायचा नाही. हात जोडते. अडीच वाजता मला मशीन चालू पाहिजे. तुम्हाला काय करायचं ते करा, पण आवरा."

आवाज चढला होता माझा, हे मला माहीत होतं. मग मान हलवून त्यांनी मागचं झाकण खोललं. एक प्लास्टिकचा गिअर काढला, त्याचे दोन दाते गेलेले होते. ट्रेमधला गठ्ठा बघितला, पट्ट्यांवर बोट फिरवलं. हिराबाईंना एकच प्रश्न विचारला, "पट्ट्या अशा कोणी लावायला सांगितल्या?" हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मी."

त्यांच्याकडे जुन्या मशीनमधून काढून ठेवलेला तसाच गिअर होता. तो बसवला. चाळीस मिनिटांत मशीन सुरू. चाचांच्या आयुष्यातला तो विक्रम असावा. संच छापले, पाच वाजायच्या आत पोचले. तुटका गिअर त्यांनी काडेपेटीत घालून खिशात टाकला आणि रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

डावीकडे होतं, 'हिराबाईंनी ट्रे जोराने लावल्यामुळे गिअर तुटला असे साहेब म्हणतात.'

उजवीकडे, 'बाजूच्या पट्ट्या कागदाला दाबून बसवलेल्या आहेत. गठ्ठा वर येताना अडतो व मोटरचा सगळा जोर गिअरवर येतो. त्यामुळे दाते गेले. पट्ट्या अशा बसवण्याची सूचना डॉक्युमेंटेशनच्या मॅडमनी दिली होती. हिराबाईंचा दोष नाही.'

मी ते वाचलं आणि कानशिलं तापली. न्हावा शेव्याला आमची नवीन शाखा निघणार होती आणि तिची इन्चार्ज म्हणून माझं नाव चाललं होतं. साहेबांनी तसं बोलूनही दाखवलं होतं.

"चाचा, एवढं सविस्तर कशाला? पट्ट्या घट्ट होत्या एवढं लिहा ना. कोणी सांगितलं ते कशाला?"

"ते नाही लिहिलं तर हिराबाईंनी केलं असं होईल."

"मी साहेबांशी बोलते. तोंडी सांगते."

"सांगा. बहुत अच्छा. हा पण द्या."

"तुम्ही ऐकत का नाही हो कोणाचं?"

त्यांनी पेटी बंद केली. "साहेब आज नाहीत ना? सही घेऊन ठेवा, मी नंतर माझी प्रत घेऊन जाईन."

ते गेले आणि मी रिपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवला. साहेब आले की देऊ, असं मनाशी म्हटलं.

शनिवारी साहेब आले. केबिनमध्ये बोलावून त्यांनीच विचारलं, "त्या मेकॅनिकचा रिपोर्ट आला का? हिराबाईंच्या फायलीला लावायचाय." मी म्हणाले, "नाही अजून." किती सहज म्हणाले. साडेअकराला चाचांचा फोन आला, "सही झाली?" मी म्हणाले, "साहेब आज आलेच नाहीत." दोन वाक्यं, दोन्ही खोटी, तासाभराच्या आत. रविवारी मी घरी दिवसभर आईशी भांडले. कशावरून ते तिलाही कळलं नाही आणि मलाही. मनातल्या मनात चाचांना मात्र शिव्या घालत होते. जगातले सगळे मेकॅनिक दोन शब्द खरडून जातात, माझ्याच नशिबी हा कुठून आला.

सोमवारी मी ऑफिसात शिरले तेव्हा हिराबाई मशीनपुढे बसून कागद भरत होत्या. महिनाअखेरीला नोकरी जाणार असलेली बाई, पण रीम नीट झटकून, कडा जुळवून कागद ठेवत होत्या. मग दोन्ही अंगठ्यांनी पट्ट्या दाबल्या, नखं पांढरी होईपर्यंत. माझी चाहूल लागली तशी मान वळवून म्हणाल्या, "बाय, बरोबर हाय ना असं? का अजून घट्ट करू?"

घट्ट पट्ट्यांमुळे गिअर तुटला हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा.

मी ड्रॉवर उघडला, रिपोर्ट घेतला आणि तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पर्सही खांद्यावरच होती.

साहेबांनी रिपोर्ट वाचला, मला बाहेर नेलं आणि सगळ्यांसमोर झापलं. शब्द मी इथे लिहीत नाही. 'शिकलेली माणसं' हा त्यात चार वेळा आला. शनिवारी खोटं बोललीस का, हे त्यांनी विचारलं नाही, कारण रिपोर्ट तेव्हा आलाच नव्हता यावर त्यांचा विश्वास होता. मीही सांगितलं नाही. त्यांनी तिन्ही प्रतींवर सही करून तारीख टाकली. हिराबाईंचा मेमो त्याच दिवशी मागे घेतला गेला. हिराबाईंनी मला काही विचारलं नाही. संध्याकाळी माझ्या टेबलावर एक सुक्या जवळ्याची पुडी होती, इतकंच.

न्हावा शेव्याची शाखा दुसऱ्याला मिळाली. त्याच कारणाने असं मी म्हणत नाही. कारणं अनेक असतात.

चाचांचाही वर्षाचा करार त्या दिवाळीला संपला आणि साहेबांनी तो पुन्हा केला नाही. "हा माणूस माझं मशीन दुरुस्त करतो की माझ्या स्टाफची चौकशी करतो?" असं म्हणाले. वाशीहून एक कंपनी यायला लागली. त्यांचा माणूस दहा मिनिटांत अख्खा भाग बदलून जायचा. पंखे चालू राहायचे. फोनवर आवाज काढावा लागत नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण थोडंच. दोन महिन्यांत तो ट्रे पुन्हा बिघडायला लागला आणि मी वाशीच्या माणसाला फोनवर सांगायला गेले, "घर्र होतं आणि मग टक," तर तो म्हणाला, "मॅडम, एरर कोड बोलिए."

वर्ष-दीड वर्ष गेलं. विमानतळ होणार, होणार अशा गप्पा तेव्हाही चालू होत्या. एका दुपारी जिन्यात त्या ओळखीच्या पायऱ्या वाजल्या. प्रत्येक पायरीवर अर्धा क्षण. दारात चाचा. पेटी नव्हती. शर्ट तोच, इस्त्रीचा. जरा वाकले होते.

"चाचा! कसं काय येणं केलंत?"

"मॅडम, माझ्याकडून एक गलती झाली आहे."

बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खिशातून रुमाल काढला, माझ्या टेबलावर पसरला आणि त्यावर तीन गिअर ओळीने मांडले. पांढऱ्या प्लास्टिकचे, अगदी सारखे.

"हा तुमचा. हा शिरढोणकडच्या एका शाळेतला. हा उरणचा, एका दवाखान्यातला. तिन्ही मशिनं एकच. शाळेत पट्ट्या ढिल्या होत्या, बोट जाईल एवढ्या. तरी गिअर गेला. दवाखान्यात पण ढिल्या. मग मी तुमचा काढून बघितला." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि नखाने दाखवलं. "ही चीर बघा. मधल्या भोकापासून निघाली आहे. दाते नंतर गेले. प्लास्टिकच कच्चं आहे, मशीनच्या गरमीने तडकतं. पट्ट्या घट्ट असोत, ढिल्या असोत, हा गिअर जाणारच होता. तुमचा दोष नव्हता. मी दाते बघितले, चीर नाही बघितली."

मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की काय सांगू.

"चाचा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? दीड वर्षाने? सगळ्या ऑफिससमोर माझी शोभा झाली. ती शाखा गेली. तुमचा करार गेला. आणि आता म्हणताय कोणाचाच दोष नव्हता?"

"हो."

"तीन-तीन तास लावायचात तुम्ही! पंखे बंद करून आम्हाला उकडायचात! आणि नेमकं त्याच दिवशी कसं नाही दिसलं?"

"त्या दिवशी मी घाई केली," चाचा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "तुम्ही म्हणालात आवरा. मी आवरलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. गलती माझी."

हिराबाई पाकिटं ठेवून जवळ आल्या होत्या. गिअर हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत होत्या.

"म्हंजे मी नाय तोडला."

"नाही, बाई," चाचा म्हणाले.

"बायनी पण नाय तोडला."

"नाही."

"मंग कोनीच नाय तोडला. मंग येवढा तमाशा कशाला झाला?"

चाचांनी त्या प्रश्नाला नेहमीसारखा वेळ दिला. मग म्हणाले, "माझ्यामुळे, बाई. माफ करा." आणि हिराबाईंना चीर कशी पडते ते समजावून सांगायला लागले. साहेबांना जसं सांगितलं असतं तसंच, सगळं, पहिल्यापासून. माझा फोन वाजत होता. एक पार्टी बाहेर उभी होती. हिराबाई मान हलवत होत्या, मधून एखादा प्रश्न विचारत होत्या, आणि चाचा प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर देत होते.

ते संपल्यावर त्यांनी नवा रिपोर्ट काढला. तीच मधली रेघ, तीच अक्षरं. यावेळी डावीकडे लिहिलं होतं, 'पट्ट्यांमुळे गिअर तुटला असे मी म्हटले होते.' उजवीकडे चीर, तीन मशिनं, सगळं. खाली, 'आधीचा रिपोर्ट चुकीचा समजावा.'

"साहेबांना दाखवू?" मी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही ठरवा. करार नाही आता, साहेबांची सही लागणार नाही. तुमची लागेल. तुमच्याबद्दल होतं."

मी पेन घेतलं आणि थांबले. हिराबाई पुन्हा पाकिटांकडे गेल्या होत्या. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"चाचा, तो रिपोर्ट मी दाबून ठेवला होता. साहेब शनिवारी आले होते. मी त्यांनाही खोटं सांगितलं आणि तुम्हालाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "शनिवारी मी खाली मिठाईच्या दुकानातून फोन केला होता. साहेबांची गाडी समोरच उभी होती."

मला खुर्चीत बसल्या बसल्या जमीन दुभंगावी असं झालं. "मग तुम्ही वर का नाही आलात? साहेबांना सरळ द्यायचात ना रिपोर्ट!"

"सोमवारी येणार होतो. सोमवारी आलो तर माझ्या प्रतीवर सही तयार होती." त्यांनी गिअर एकेक करून रुमालात गुंडाळले, गाठ मारली. "दिलात ना तुम्ही."

मी सही केली. चाचांनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला, नीट वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली, मॅडम," ते म्हणाले. "आजचीच टाका."